शकुबाईचा फोटो

समोरच्या घरातून हसण्याचा आवाज आला, तसा शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसलेल्या मुकुंदने अर्ध्या चहाचा कप खाली ठेवला. अकरा वर्षांत शकुबाईला हसताना त्याने ऐकलं नव्हतं. त्याला तर तिने उंबऱ्याच्या आतही घेतलं नव्हतं.

कारण तसंच होतं. अकरा वर्षांपूर्वी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात त्या गोटमारीत तिचा मुलगा वैभव गेला. जाम नदीच्या काठावर त्याच्या अंगावर पडून रडणाऱ्या शकुबाईचा फोटो मुकुंदनेच काढला. नागपूरच्या पेपरात तो पहिल्या पानावर आला आणि पांढुर्ण्यात मुकुंदचं नाव झालं. शकुबाईने सावरगावच्या भर रस्त्यात त्याच्याकडे पाठ फिरवली, ती कायमची.

आणि आत तिच्याजवळ बसलेली ही भाग्यश्री. मोहगावची पोरगी, कॅमेरा धरायला त्याच्याच स्टुडिओत शिकलेली. आता तिने टिपलेले चेहरे दिल्लीच्या मासिकांत छापून येत. गोटमारीत माणूस गमावलेल्या घरांत ती फोटो काढत फिरत होती. "शकुबाई उभी करनार नाही तुले," असं त्याने बजावलं होतं. तरी दोन तास झाले, ती आतच होती.

बाहेर आली, तेव्हा कॅमेरा बॅगेतच होता.

"नाही काढला," ती म्हणाली.

मुकुंदला इतकं बरं वाटलं, की त्याने चप्पल घालायच्या निमित्ताने मान खाली घातली.

"तिच्याजवळ वैभवचा एकही धड फोटो नाही, भाऊ. पेपरातलं कात्रण आहे तेवढं. त्या दिवसाचे बाकीचे फोटो असतीन ना तुमच्याजवळ?"

"पाहा लागन."

पाहण्याची गरज नव्हती. त्या दिवशी सकाळी वैभव गुडघाभर पाण्यात उभा होता, निळा शर्ट भिजलेला, थेट लेन्सकडे बघून हसत. पेपरने तो फोटो घेतलाच नव्हता. तो हातात धरलेली शकुबाई कशी दिसेल, हेही मुकुंदला तिथल्या तिथे दिसलं. आणि आत्ता फोटो दिला, तर ते चित्र भाग्यश्री टिपून नेणार होती.

त्याने तिला काही कळवलं नाही. दुसऱ्या दिवशी ती नागपूरच्या गाडीत बसल्याची खात्री केली, मगच मोठा प्रिंट काढून फ्रेम केला आणि गळ्यात कॅमेरा अडकवून सावरगावचा पूल ओलांडला.

शकुबाई दारातच बसली होती. धुतलेलं लुगडं, नीट विंचरलेले केस.

"ये भाऊ. तुहीच वाट पाहून राहिली होती."

"माही?"

"थे पोरगी सांगून गेली ना. मुकुंदभाऊ वैभ्याचा फोटो आनतीन म्हने, त्यायले तुमचा काढू द्या. म्या म्हटलं, तूच काढ व बाई. तं म्हने, नाही, थो त्यायनंच काढाचा आहे."

इथेही भाग्यश्री मुकुंदच्या आधी पोचली होती.

शकुबाईने फ्रेम मांडीवर घेतली. काचेवरून फिरणारं तिचं बोट वैभवच्या कपाळावर थांबलं. दारातला उजेड तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर आला होता. मुकुंदने कॅमेरा डोळ्याला लावला.

"हा शर्ट," फोटोवरची नजर न काढता ती म्हणाली, "त्याच्या मामानं घेतला होता, सौसरच्या बाजारातून. ढिला होते म्हनून रुसला होता पोट्टा."

मुकुंदचं बोट बटणावर होतं. ते तसंच राहिलं. मग त्याने कॅमेरा गळ्यातून काढला, भिंतीशी ठेवला आणि तिच्यासमोर मांडी घातली.

"मंग? घातला कवा त्यानं?"