हार्लो स्ट्रीटवरची बाबागाडी

शिकागोच्या हार्लो स्ट्रीटवर एकही काळं माणूस राहत नव्हतं, म्हणूनच हॅल्डेन नावाच्या घरांच्या दलालानं इडेला प्रुइटला तिथं फिरायला ठेवलं. काम सोपं होतं. सकाळी बाबागाडी ढकलत रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, कुणाशी बोलायचं नाही, आणि आतल्या उशीवर दुलई अशी ओढून ठेवायची की बघणाऱ्याला बाळ निजलंय असं वाटावं. काळे जिथं राहायला येतील ती वस्ती बँका नकाशात तांबड्या रंगानं भरून टाकत आणि तिथल्या घरांना कर्ज बंद करत. तो रंग आपल्या दारापर्यंत येणार या धास्तीनं गोरे मातीमोलानं घरं विकून पळणार आणि तीच घरं हॅल्डेन दुप्पट दरानं काळ्यांच्या गळ्यात मारणार, हे इडेलाला ठाऊक होतं. तिला त्याची किळस येई. पण लॉन्ड्रीतली नोकरी सुटली होती, आणि बहीण लॉरीनबरोबर ती राहत होती त्या इमारतीत मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एकच तुंबलेला संडास होता. किळस तिथंही होतीच.

आधी पडदे हलले, मग अंगणांत ‘विकणे आहे’च्या पाट्या उभ्या राहिल्या. एके सकाळी एक गोरी बाई झाडू टाकून पायऱ्या उतरून आली.

“बघू तरी, काय जन्माला घातलंयस,” म्हणत तिनं दुलई उचलली.

आता सोंग उघडं पडणार, असं इडेलाला वाटलं. बाई वाकून बघत राहिली. मग एप्रन नाकाला लावून मागं सरली.

“झाकून ठेव ते,” ती पुटपुटली.

इडेलानं आत पाहिलं. उशीच होती. फक्त हाताला कोमट लागली.

त्यानंतर गाडी जड होत गेली. आतून नासक्या दुधाचा वास येऊ लागला. इडेला दुलई घरी नेऊन उकळत्या पाण्यात धुवी, पण वास जाईना. एकेक घर रिकामं होई तसतशी गाडी ढकलताना इडेलाला धाप लागे.

शेवटी तिनं गाडी हॅल्डेनच्या कचेरीतच नेऊन उभी केली.

“साहेब, यात काय ठेवलंत?”

“उशी. का, पाळण्याची हौस राहून गेलीय वाटतं?” तो हसला. इडेलाला मूल नव्हतं, हे त्याला माहीत होतं. त्यानं दुलई उचलली आणि ते हसू तोंडावर तसंच थिजलं. झोपलेल्याला जाग येऊ नये तशी त्यानं दुलई पुन्हा हलकेच खोचली आणि हात पँटला पुसत राहिला.

“उद्यापासून पलीकडचा रस्ता,” तो खिडकीकडे बघत म्हणाला.

“मी नाही येणार. दुसरं कुणी बघा.”

“मग हे घेऊन जा. इथं नको.”

ओसाड पडलेल्या हार्लो स्ट्रीटच्या मधोमध तिनं गाडी सोडली आणि मागं न बघता चालू लागली. कोपऱ्यावर एकच बिऱ्हाड उरलं होतं. तिथली खिडकी आतून कुणीतरी घाईनं लावून घेतली, बाहेरचा आवाज सोसवेना झाल्यागत. इडेलाला मात्र काहीच ऐकू आलं नाही.

घरी लॉरीन शेंगा सोलत बसली होती. तिनं मान वर केली.

“अगं, काय सांडून घेतलंस अंगावर?”

इडेलानं खाली पाहिलं. झग्यावर छातीशी दोन्ही बाजूंना ओले डाग पडले होते, आणि ते हळूहळू पसरत होते.