साफ हात

हरदितसिंगांनी बाही कोपराच्या वर सारली आणि हात टेबलावर ठेवला.

"देखो डॉक्टरजी, एकदम साफ!"

खरंच साफ होता. परवा टोचलेल्या जागी गाठ सोडाच, लालीसुद्धा नव्हती. वसुधा नुसतंच त्या जागेवरून बोट फिरवत राहिली.

कर्फ्यूत हा माणूस येईल असं तिला वाटलंच नव्हतं. विमानदलातला तिचा नवरा सकाळी म्हणाला होता, "तू पास दाखवून जाशील गं, पण पेशंट यायचे कुठून?" आणि हे महाराज फुप्फुसाचा कॅन्सर घेऊन मुल्लानपूरहून शेतांच्या वाटेने हजर! सायकलच्या कॅरियरवर बसून. पेडल मारत होती त्यांची बायको, सुरजीत कौर. साठीची बाई, ओढणीने घाम पुसत शेजारी उभी होती. वसुधाला दोघांच्या पाया पडावंसं वाटलं.

अशा रोग्यांच्या शरीरातल्या लढाऊ पेशी अजून लढतात का, हे ती तपासत होती. क्षयाच्या मेलेल्या जंतूंचा अर्क कातडीत टोचायचा. पेशी जाग्या असतील तर दोन दिवसांत तिथे गाठ येते. तुलनेसाठी घरातल्या एका धडधाकट माणसालाही टोचायचं. म्हणून सुरजीतलाही टोचलं होतं.

"अब इसका देखो."

सुरजीतच्या हातावर बदामाएवढी टणक गाठ होती. वसुधाने पट्टीने ती मोजली. तेवढ्यात हरदितसिंगांनी बायकोला सायकल बघायला बाहेर पिटाळलं.

"मेरी बीमारी इसको लग गई क्या?" त्यांनी दाराकडे बघत विचारलं. "मैं तो इसी के लिए आया हूँ जी."

"नहीं, नहीं! बीबीजी बिलकुल ठीक हैं," वसुधा घाईने म्हणाली. "गाँठ आना तो अच्छा है. शरीर लड़ रहा है."

आपण काय बोलून बसलो ते तिला बोलल्यावर कळलं.

हरदितसिंग आपल्या साफ हाताकडे बघत राहिले. फौजेत आयुष्य गेलेल्या माणसाला अर्धा निरोपही पुरतो. मग ते हसले. अगदी मनापासून.

"पक्का? ये ठीक है?"

"पक्का."

"फिर तो चंगा है जी."

बाही खाली ओढून त्यांनी बटण लावलं. सुरजीत दारात आली.

"की केहा डॉक्टर ने?"

"दोहां दा चंगा है," दोघांचंही ठीक असल्याचं सांगून त्यांनी वसुधाकडे पाहिलं.

वसुधाने मान डोलावली.

उठताना हरदितसिंगांनी बायकोचा हात धरला, गाठ सांभाळून.