बैलानं ठरवलेली वाट

डोंगरकडा गावाच्या बाजूला आमच्या बंजारा तांड्यामागं एक टेकडी आहे. हिंगोलीच्या गिर्यारोहण मंडळाचा रत्नपाल तिथं रंगाचे डबे घेऊन आला. हिरवी पाटी म्हणजे सोपी वाट, पिवळी मध्यम, लाल अवघड. त्यानं वाट न्याहाळली, लाल डबा उघडला, अन् तांड्यातल्या गुलाबचंदनं लाथेनं तो उडवला.

"लाल? माझ्या आज्याचे बैल मिठाच्या गोण्या घेऊन हितूनच चढायचे. लाल लावली तर आज्या खोटा पडंल. हिरवी लाव!"

गोण्या लादून मुलूख फिरणं कधीच संपलं, पण तांड्यात वाट अजून बैलावरूनच ठरते. लादलेला बैल चढला, की सोपी.

"तुझा आज्या खोटाच व्हता," त्याचा व्याही पेमा म्हणाला. पोरांच्या लग्नाच्या पंगतीत पेमाच्या ताटात मटणाचा नुसता रस्सा आला, तेव्हापासून दोघांत विस्तव जात नाही. "एवढी सोपी हाय तर चढून दाव की, व्याही!"

"चढतो! काहून न्हाई?"

ऊन असं, की सरडे चपला घालून फिरत होते. चढ असा, की गुलाबचंदची सावलीच घाबरून माघारी आली. मी स्वतः तिला पाणी पाजलं. अर्ध्यावर गड्यानं कड्याला मिठी मारली. वर जाईना, खाली येईना.

पेमा खालून ओरडला, "आज्या भेटला का, व्याही?"

"तुझ्या तोंडात माती!"

"माती तुझ्या तोंडात हाय. डोंगर चाटून राहिला तू!"

गुलाबचंदची बायको रूपाबाई दोघांना शिव्या घालत उठली. तिनं बैलावर सोयाबीनचे दोन कट्टे लादले अन् त्याला वाटेवर हाकलला. बैल रवंथ करत चढला. वाटेत गुलाबचंदनं त्याची शेपटी धरली, ती थेट माथ्यावर सोडली.

"लाव हिरवी!" तो वरून गरजला.

रत्नपालनं हिरवी पाटी रंगवली, 'सोपी'. पेमानं कुंचला हिसकला अन् खाली लिहिलं, 'बैलाला'.

त्या वाटेला आता कुणी फिरकत नाही. चढला तर बैल, नाही चढला तर बैलाहून गेलेला. पाटी उपटावी तर आज्या खोटा पडतो. खालचा शब्द पुसावा तर पेमा पुन्हा म्हणणार, चढून दाव. म्हणून गुलाबचंद येता-जाता पाटीवर नुसता थुंकतो.