मी, जांभळ्या टोपीचा होला

मित्रांनो, मी एक म्हातारा होला आहे, कबुतराच्या कुळातला पक्षी. बागेतल्या मोठ्या पिंजऱ्यात राहतो. अंगाने हिरवा, डोक्यावर जांभळी टोपी. पिंजऱ्यातल्या माझ्या चुलतभावंडांची टोपी लाल. बाकी आम्ही इतके सारखे, की पिंजरा सांभाळणारे मामा सगळ्यांना एकच नाव देतात, "हिरवे".

खरा फरक पोटाचा आहे. लाल टोपीवाले कुणाच्याही परसातलं फळ गट्ट करतात, म्हणून जिकडेतिकडे त्यांची पिलावळ. आम्हाला मात्र रानातल्या उंच झाडांचीच बारीक फळं लागतात. मी तगलो, तो लहानपणापासून मामींच्या हातचा घास खायची सवय लागली म्हणून.

मागे रान तोडायच्या आधी पाहणी करायला एक साहेब आले होते. "हे पक्षी किती असतील हो?" त्यांनी विचारलं.

"हिरवे? पैशाला पासरी!" मामा म्हणाले. उचलली जीभ, लावली टाळ्याला! साहेबांना ते पटलं. पुढे आमचं रान बिनघोर तुटत गेलं.

यंदा तोडलेल्या झाडाखाली सापडलेली एक मादी कुणीतरी मामांकडे आणून दिली. जांभळ्या टोपीची! इतकी वर्षं माझ्या हाकेला कुणी ओ दिली नव्हती. तिने दिली. आम्ही काड्या जमवू लागलो.

"अहो, जोडी जमली बघा," मामी कौतुकाने म्हणाल्या.

"म्हणजे आणखी गर्दी! हिरवे आधीच काय कमी आहेत?" मामांनी तिला अलगद धरून बाहेर सोडलं. "जा बाई, मोकळी हो."

मामा वाईट नाहीत हो. पण रान उरलं नव्हतं. ती जाळीवर येऊन बसायची. परसातली फळं तिला चालेनात, मामींच्या हातचा घासही ती रानातली म्हणून घेईना. ती वाळत गेली आणि एका सकाळी मामींना पिंजऱ्यापाशी मरून पडलेली दिसली.

मग वरातीमागून घोडं आलं. पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाई मला पाहून थबकल्या. "मामा, लाल टोपीवाले भरपूर आहेत, त्यांची चिंता नाही. पण हा वेगळा आहे. हे संपल्यातच जमा आहेत! याची मादी कुठे दिसली का?"

मामा पुटपुटले, "होती. हिरवी म्हणून मीच सोडली, बाई."

आता मला वेगळा पिंजरा आहे, बघ्यांची रांग आहे. काल बाईंनी माझी हाक यंत्रात टिपली आणि लावून पाहिली. कुणीतरी आपलं बोलावतंय, असं वाटून मी जीव तोडून ओ देत राहिलो. तो माझाच आवाज होता.

मित्रांनो, सारखे दिसतात म्हणून सगळ्यांना एकाच नावाने मोजू नका. नीट बघा, आणि आम्ही आहोत तोवर बघा. माझ्यासाठी आता कुणी काही करू शकत नाही.