गाडी काढू का?

मेथी भरून झाली, कोथिंबिरीवर ओलं गोणपाट पडलं, सत्यशीला पुढं जाऊन बसली, रंगनाथनं बाहेरून तिच्या दाराला दोरी आवळली आणि मग पिकअप सुरू होईना.

यात नवीन काही नव्हतं. वाघोलीच्या त्या बाजूला बऱ्याच घरांत गजर लावत नसत. रंगनाथची पिकअप खोकायला लागली की लोक आपोआप उठत आणि तिला शिव्या देत दात घासायला लागत. पण त्या दिवशी ती खोकेचना. किल्ली फिरवली की आत कुठंतरी बारीक टकटक व्हायची आणि पुन्हा सगळं गप्प. थंडी चांगलीच पडली होती. काळ्या मातीत पाय रुतत होते, आणि पाल्यावर दंव होतं तसाच शेजारच्या बांधकामावरचा सिमेंटचा फुफाटाही होता.

"उतर की जरा. ढकलाया पायजे," रंगनाथ म्हणाला.

"मी कशी उतरू? दोरी कुणी बांधली?"

सत्यशीलेच्या बाजूचं दार आतून उघडायचं कधीच बंद झालं होतं. दार मिटून राहावं म्हणून रंगनाथनं त्याला बाहेरून सुंभाची दोरी लावली होती. तो सोडील तेव्हाच बाई खाली. घाटात, बाजारात, लग्नाच्या मांडवासमोर, कुठंही गाडी थांबली तरी सत्यशीला आपली आत बसून वाट बघायची, आणि रंगनाथ कुणाशी बोलत उभा राहिला की त्याच्या नावानं पुटपुटायची.

तेवढ्यात पोरगा, समाधान, तोंडात ब्रश घेऊन बाहेर आला. त्यानं गाडीकडं बघितलं, बापाकडं बघितलं आणि चूळ भरली.

"आबा, सोडा आता तिला. हात जोडतो."

"तिला काय झालंय? थंडीनं आखडलीया. तू आखडत न्हाईस व्हय थंडीनं?"

"शोरूमवाल्याचा रोज फोन येतोय. ही एक्सचेंजला घेतो म्हणतोय. अशी गाडी कोण घेतं सांगा? त्याचं मन बदलायच्या आत देऊन टाकू. नवीन घेतली की लगेच पार्सलच्या कंपनीला लावतो, माझं बोलणं फायनल झालंय. सकाळी गेली की रात्री घरी. एसी, पॉवर स्टेअरिंग, आईच्या बाजूला सेंट्रल लॉक."

"म्हंजी मी त्यातबी अडकूनच बसायची," सत्यशीला आतून म्हणाली.

रंगनाथनं पुन्हा किल्ली फिरवून बघितली. त्याला एसीचं वावडं नव्हतं. पण सकाळी गेलेली गाडी रात्री येणार असेल तर मेथी कशात घालायची? मेथी न्यायची सोय नाही तर लावायची कशाला? आणि लावायची नाही तर ओढ्याकाठच्या त्या पट्टीचं काय? समाधाननं त्याचंही उत्तर तयार ठेवलं होतं: पत्र्याचं शेड टाकायचं आणि सोसायटीवाल्यांना गाड्या लावायला द्यायची. यात रंगनाथनं काय करायचं, हे तेवढं कुणी ठरवलं नव्हतं. शेडच्या दारात खुर्ची टाकून बसायचं असणार. त्याला त्या खुर्चीची भीती वाटायची.

एकेकाळी त्यांची जमीन ओढ्यापासून पार मोठ्या रस्त्यापर्यंत होती. मग ती गेली. त्या भागात जमीन विकली असं सहसा कुणी म्हणत नाही, गेली म्हणतात, जशी काही ती स्वतःच उठून चालती झाली. बैलाचंही तेच. दावणीचा बैल विकला म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून बैल काढला म्हणायचं. रंगनाथच्या वडिलांनी जमीन जाऊ दिली, बैल काढले, आणि ही पिकअप घेतली. आता पाठीमागं लिहिलेल्या 'म्हसोबा प्रसन्न'मधला पहिला अर्धा म उडाला होता आणि गाडी 'हसोबा प्रसन्न' असं सांगत पुणेभर फिरत होती.

समाधाननं मागून खांदा लावला, गाडीनं उतार धरला, दोनदा शिंकली आणि सुरू झाली. पण भांडण काही थांबलं नाही. ते जेवताना झालं, झोपताना झालं, आठवडाभर चाललं. शेवटी सत्यशीलेनं भाकरी थापता थापता निकाल दिला.

"म्हसोबाला कौल लावा. त्यो ना तुमच्या बाजूचा, ना ह्याच्या. द्येवानं ठेव म्हटलं तर ठेवू, नको म्हटलं तर नवी घेऊ. माझं डोस्कं नका उठवू."

"आणि कौल झाला की परत वाद न्हाई," समाधान म्हणाला.

"न्हाई," रंगनाथ म्हणाला, आणि हातातला घास त्यानं परत ताटात ठेवला.

म्हसोबा त्यांच्याच बांधावरचा. जमीन गेली तेव्हा बांधासकट देवही गेला. आता तो एका मोठ्या सोसायटीत, पार्किंग आणि जिमच्या मधे, गुळगुळीत फरशीच्या चौथऱ्यावर बसला होता. शेंदूर तोच, भोवती स्टीलचं रेलिंग नवं. शेजारी पाटी होती: 'देव जागृत आहे. सुरक्षारक्षकही आहे. चपला रांगेत काढाव्यात. नारळ फोडणाऱ्यांनी करवंट्या घरी न्याव्यात, देवाला त्या लागत नाहीत.' म्हसोबाची पूजा पिढ्यान्पिढ्या गुरवाच्या घरात होती, ती गोपाळकृष्ण गुरवाकडं आली होती. देव सोसायटीत गेल्यावर गोपाळकृष्णानंही तिथंच वॉचमनची नोकरी धरली. पूजेपुरती टोपी काढायचा, पूजा झाली की घालायचा आणि गेटवर जाऊन उभा राहायचा.

रविवारी बाजाराचा माल भरूनच तिघं निघाले, कौल घेऊन तसंच खराडीकडं जायचं म्हणून. रंगनाथनं पिकअप सोसायटीच्या गेटातच उभी केली.

"हितं नका लावू, बापू," गोपाळकृष्ण म्हणाला. "बाहीर घ्या."

"गाडी बंद करत न्हाई रं. चालूच ठेवतो. आत्ता आलो."

गाडी धडधडत राहिली. रंगनाथनं फिरून जाऊन दोरी सोडली, सत्यशीला उतरली. गोपाळकृष्णानं टोपी काढून खिशात घातली, देवावर पाणी घातलं आणि शेवंतीच्या दोन पाकळ्या भिजवून दगडाच्या दोन खांद्यांना चिकटवल्या. उजवी आधी पडली तर हो. डावी पडली तर नाही.

"येकदाच इचारायचं," तो म्हणाला. "नीट इचारा. तोच प्रश्न पुन्यांदा इचारायचा तर फुडल्या सालच्या जत्रंला. मधी इचारल्यालं त्याला चालत न्हाई."

रंगनाथनं डोळे मिटले. रस्त्यानं येताना त्यानं वाक्य पाठ केलं होतं: देवा, जुनी गाडी विकू का? साधं, सरळ. पण गेटातनं तिची धडधड ऐकू येत होती. पोराच्या पायावर उकळतं पाणी सांडलं तेव्हा तिनंच त्याला दवाखान्यात नेलं होतं, वडिलांना शेवटचं घरी आणलं तेही तिच्यातनंच. तिला ऐकू जाईल अशा अंतरावर उभं राहून ते वाक्य त्याला म्हणवेना.

"देवा," तो म्हणाला, "गाडी काढू का?"

तिघंही पाकळ्यांकडं बघत राहिले. गोपाळकृष्णानं श्वास धरला. उजव्या खांद्यावरची पाकळी जरा हलली, सुटली आणि फरशीवर पडली.

"उजवा!" गोपाळकृष्ण ओरडला. "लई सोच्छ कौल दिला!"

"झालं तर!" समाधाननं खिशातून फोन काढला. "काढ म्हणाला. उद्याच नवीन काढतो. शोरूमला कळवू?"

"थांब," रंगनाथ म्हणाला. "नवी कुठं आली मधी? मी म्हटलं गाडी काढू का. रोज पहाटं मी काय करतो? गाडी काढतो. द्येव म्हणाला, काढ. काढत ऱ्हा."

"आबा, असं कोण इचारतं? रोज गाडी बाहेर काढायला देवाची परवानगी लागते का?"

"लागती. रोज सुरू कुठं होती ती?"

"अवं, पण बैल काढला म्हंजी काय?" सत्यशीला म्हणाली. "घालवलाच न्हवं? मग गाडी काढ म्हंजी जुनी घालवून टाक. सरळ हाय की."

"ते तर मी म्हणतोय!" समाधान म्हणाला.

"तू नवी घ्यायची म्हणतुयास. ती जुनी घालवायची म्हणतीया. मी हाय ती हाकायची म्हणतो. तिघांचं तीन झालं. गोपाळकृष्ण, तू सांग. तू गुरव हायस."

गोपाळकृष्णानं देवाकडं पाहिलं, मग पाटीकडं पाहिलं. "मी पाकळी सांगतो," तो म्हणाला. "अर्थ तुमचा तुमी बघायचा."

आवाज चढत गेले. जिममधली माणसं काचेला येऊन उभी राहिली. आणि या गोंधळात गेटातली धडधड कधी थांबली, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. ध्यानात आले ते हॉर्न. रविवारची सकाळ, सगळ्यांना कुठं ना कुठं जायचं होतं, आणि आतल्या बाजूला चकचकीत गाड्यांची ओळ लागली होती. सगळ्या नव्या, सगळ्या सुरू, आणि एकही हलत नव्हती.

ओळीतल्या पहिल्या गाडीतून अनंतराव उतरले. ते सोसायटीचे सेक्रेटरी. आयुष्य सदाशिव पेठेत काढून मुलाच्या आग्रहानं वाघोलीला आलेले, आणि आल्यापासून त्याला ते ऐकवत असलेले. म्हसोबाची पाटी त्यांनीच लिहिली होती. त्यांनी आधी चपला काढल्या, त्या रांगेत ठेवल्या, देवाला हात जोडले आणि मग रंगनाथकडं वळले.

"आपण देवाला भेटायला आलात, आनंद आहे. देवालाही बरं वाटलं असेल. पण आम्हालाही आज कुठेतरी पोचायचं आहे. आपण एक काम कराल का?"

"काय, सायेब?"

"गाडी काढा."

रंगनाथनं सत्यशीलेकडं पाहिलं, सत्यशीलेनं समाधानकडं, आणि तिघांनी मिळून म्हसोबाकडं. शेंदराआडून तो नेहमीसारखा बघत होता.

गोपाळकृष्णानं खिशातून टोपी काढून डोक्यावर चढवली. "मघाशी इचारलंत ना, गाडी काढू का? त्यो व्हय म्हणाला. मीबी आधीच सांगितलं व्हतं, हितं लावू नका." तो जरा थांबला. "किती वरसं झाली त्याला हितं ऱ्हायला. सोसायटीतलाच झालाय त्यो."

"हे बघा, देवाचं आणि माझं फारसं कधी जमत नाही," अनंतराव म्हणाले, "पण यावेळी आमचं एकमत दिसतं. काढा."

काढायची कशी? किल्ली फिरवली, तर नुसती टकटक. मग रंगनाथनं सत्यशीलेला बसवून दोरी बांधली, स्वतः आत बसला, आणि समाधाननं, ज्याला ती गाडी डोळ्यांसमोर नको होती त्यानंच, मागं खांदा लावला. गोपाळकृष्ण आला. जिममधले दोघं घामेजलेले तरुण आले. अनंतरावांनीही 'हसोबा प्रसन्न' वाचून चष्मा सारखा केला आणि एक हात लावला. "बाकीचे पुण्यातले देव रागावलेले असतात वाटतं," ते म्हणाले आणि ढकलायला लागले.

गाडी गेटातून बाहेर गेली, उतार धरला, खोकली, आणि ढकलणाऱ्यांच्या तोंडावर काळा धूर सोडून सुरू झाली. मागून टाळ्या पडल्या. रंगनाथला वाटलं, आपल्यासाठीच पडल्या.

समाधान तोंड पुसत धावत खिडकीशी आला. "आबा, हा कौल धरायचा न्हाई. प्रश्नच चुकला."

"कौल कौल असतो. वाद न्हाई असं ठरलं व्हतं न्हवं? आता फुडल्या जत्रंला."

"शोरूमवाला तवर थांबायचा न्हाई!"

"मग न्हाई थांबायचा," रंगनाथ म्हणाला आणि समाधान मागं चढताच गियर टाकला.

नगर रस्त्याला लागल्यावर त्याला गाणं म्हणावंसं वाटायला लागलं. म्हणजे ही थंडी आपली, उन्हाळा आपला, त्यापुढचं मिरगाचं पेरणं आपलं. शेडच्या दारातली खुर्ची टळली. मागं मेथीचा ओला वास येत होता आणि त्याच्या मनानं पुढच्या वाफ्यात पालक लावायला घेतलासुद्धा होता.

"कसं झालं?" तो सत्यशीलेला म्हणाला. "द्येवानं राखली का न्हाई?"

दार निसटू नये म्हणून ती एका हातानं ते धरून बसली होती, नेहमीप्रमाणं.

"तुमच्या तोंडातनं इकू हा शबूदच निघाला न्हाई," ती म्हणाली. "मी बघत व्हते. निघणारबी न्हाई."

रंगनाथ हसला. सिग्नल लागला म्हणून गाडी थांबली, पण त्यानं ॲक्सिलेटरवरचा पाय उचलला नाही.

"म्हणून फुडल्या जत्रंला प्रश्न मी इचारणार," सत्यशीला म्हणाली. "आन् मी काढू म्हणणार न्हाई. इकू का, असं इचारणार. त्यात दुसरा अर्थ न्हाई. पट्टी जाऊ द्यायची न्हाई मला, मेथी मी डोक्यावर पाटी घिऊन इकंन. पर मला येकदा तरी माझ्या हातानं दार उघडून खाली उतरायचंय हो."

रंगनाथनं तिच्याकडं पाहिलं. तिचा हात दारावर होता, बोटांची पेरं गारठून पांढरी पडली होती. इतकी वर्षं तो दोरी बांधत आला आणि सोडत आला, पण आत बसणाऱ्याला काय वाटतं, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं. पालकाचा वाफा त्याच्या डोळ्यांसमोरून निघून गेला. तो तिच्या हाताकडं बघतच राहिला.

सिग्नल हिरवा झाला. मागं हॉर्न सुरू झाले. शेवटी एकानं काच खाली करून डोकं बाहेर काढलं.

"ओ काका, झोपलात का? गाडी काढा!"