पासवर्ड दोघांनाच माहीत होता

सोफे दुरुस्त करायचं दुकान तसं दोन भावांचं. थोरला कापड कापायचा, धाकटा शिवायचा. धाकट्याच्या हातात असं कसब की सगळे त्याला उस्तादच म्हणत. थोरला ध्यानीमनी नसताना गेला, तेव्हा उस्ताद वहिनीला म्हणाला, "घरात भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा दुकानात या. हिशेब तुम्ही सांभाळा."

वहिनी आल्या आणि दुकानाला वळण लागलं. फोमचे तुकडे, स्प्रिंगा आणि कापडाचे तागे यांच्या पसाऱ्यात त्यांनी एक कोपरा मोकळा केला आणि तिथं कॉम्प्युटर मांडला. तोवर बिलं उस्तादच्या खिशातच मळत असत.

एकदा बँकेच्या नावानं मेल आला. उस्ताद घाबरून म्हणाला, "वहिनी, खातं बंद करतायत म्हणे!"

वहिनींनी मेल शांतपणे वाचला. "भाऊजी, आपली बँक आपल्याला नावानं ओळखते. हा 'प्रिय ग्राहक' म्हणतोय. शिवाय पासवर्ड मागतोय. बँक तो कधीच मागत नाही. असल्या मेलमधल्या लिंकवर बोट ठेवायचं नाही. शंका आली तर पासबुकावरच्या नंबरवर आपणच फोन करायचा."

"तुम्हाला काय, दारातल्या मांजरातही चोर दिसेल," उस्ताद हसला. वहिनीही हसल्या आणि त्यांनी मेल उडवून टाकला.

पुढं काही महिन्यांनी एका दुपारी वहिनी दाढ काढायला गेल्या होत्या. एका हॉटेलच्या खुर्च्यांचं मोठं काम अंगावर होतं, कापडवाल्याला त्याच दिवशी पैसे पाठवायचे होते. म्हणून उस्ताद स्वतः कॉम्प्युटरपुढं बसला, तर समोर मेल. 'आज संध्याकाळपर्यंत माहिती पडताळली नाही तर सर्व व्यवहार थांबवले जातील.' वर बँकेचं चिन्ह, खाली कुणा मॅनेजरची सही. वहिनींना फोन करावा असं मनात आलं, पण त्या तोंडात कापसाचा बोळा धरून बसल्या असतील, बोलणार तरी कशा? त्यानं लिंक उघडली, पासवर्ड टाकला. मोबाइलवर आलेला आकडाही टाकला. पडद्यावर आलं, 'थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करा.' उस्तादनं वैतागून खुर्ची मागं सारली. काही झालंच नाही तर सांगायचं काय, असं म्हणून तो कामाला लागला आणि विसरूनही गेला.

दोन दिवसांनी कापडवाल्याचे राहिलेले पैसे पाठवायला वहिनींनी खातं उघडलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "भाऊजी, खात्यात काहीच नाही."

बँकेत फोन केला. पलीकडून उत्तर आलं, "पैसे योग्य पासवर्ड वापरूनच गेलेत. खाते ज्यांच्या नावावर आहे त्यांनी प्रत्यक्ष या."

उस्ताद जेवायला घरी गेला, तेव्हा बायको वाढता वाढता म्हणाली, "जाऊबाईंच्या मुलीची कॉलेजची फी परवाच भरली ना? एवढे पैसे आले कुठून?"

"उगाच काहीतरी बोलू नकोस," तो खेकसला. पण शब्द कुसळासारखा रुतला तो रुतलाच. संध्याकाळी दुकानाचं दार ओढता ओढता तो वहिनींकडे न बघता म्हणाला, "पासवर्ड आपल्या दोघांनाच माहीत होता ना, वहिनी?"

वहिनींना समजायला क्षणभर लागला. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मुलीची फी मी ह्यांची मोटरसायकल विकून भरली, भाऊजी. ती अंगणात दिसत नाही, एवढंही तुमच्या लक्षात आलं नाही." दुकानाच्या किल्ल्या टेबलावर ठेवून त्या निघून गेल्या. उस्तादनं किल्ल्या उचलून कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी बँकेतल्या बाईंनी त्याला मेल उघडायला लावले. एकापाशी त्या थांबल्या. "वरचं नाव नका बघू, पाठवणाऱ्याचा पत्ता वाचा."

उस्तादनं अडखळत वाचला. बँकेच्या नावात एक अक्षर जास्तीचं होतं.

"तुम्ही आकडा दिलात, त्यावर त्यांनी तुमचं खातं स्वतःच्या फोनला जोडून घेतलं. तेव्हाच कुणाला सांगितलं असतंत तर खातं लगेच थांबवता आलं असतं." बाईंनी तक्रारीचा कागद पुढं ओढला. "आणखी कुणावर संशय आहे?"

उस्तादनं खिशातलं पेन काढलं. "नाही," तो म्हणाला. "कुणावरच नाही."

तिथून तो तडक वहिनींकडे गेला. त्यांनी दार उघडलं, बसायला सांगितलं. त्यानं उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

"मी चुकलो, वहिनी."

"हो, चुकलात." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "फसलात त्याचं मला काही नाही. उद्या मीही फसेन. पण 'वहिनी, हे कसं झालं असेल?' असं विचारलं असतंत, तर दोघांनी मिळून शोधलं असतं."

"उद्यापासून या. तुमच्याशिवाय दुकान चालायचं नाही."

"चालेल. दुकानं चालतात. मी तिथं बसले तर कुणी काही म्हणणार नाही, पण एक रुपया इकडचा तिकडं झाला की मीच तुमच्या तोंडाकडे बघत राहीन. तसं जगणं मला नको."

त्यांनी औषधांच्या दुकानात हिशेबाचं काम धरलं. बँकेनं थोडे पैसे अडवून परत मिळवले, बाकीचे गेले ते गेलेच. वहिनींनी येणंजाणं तोडलं नाही. मुलगी पास झाली तेव्हा त्या पेढे घेऊन आल्या, जावेशी हसून बोलल्या. जाऊ मात्र सारखी काही ना काही निमित्त काढून स्वयंपाकघरात जात राहिली.

जुनी गिऱ्हाइकं अजून विचारतात, "वहिनी दिसत नाहीत?"

"त्यांना दुसरीकडं चांगलं काम मिळालं," उस्ताद सांगतो, आणि पुढचा प्रश्न यायच्या आत शिलाई मशीन सुरू करतो.