छातीएवढं पाणी

कोपरगावच्या एका शाळेत कल्याण सर खेळ शिकवत. मुलांसमोर एक आदर्श असावा लागतो, असं ते वरचेवर म्हणत, आणि तो आदर्श कोण याबद्दल त्यांच्या मनात काडीची शंका नव्हती. पांढरे बूट, गळ्यात शिट्टी आणि पोट आत ओढून चालणं. ते पोट शिक्षकांच्या खोलीत शिरल्यावरच बाहेर सोडलं जाई.

उन्हाळ्यात शाळेनं सातवीच्या मुलांसाठी पोहण्याचं शिबिर घेतलं. शिकवायला सविता मॅडम होत्या. सरांकडे शिस्त. तलावाच्या काठावर उभं राहून ते सांगत, "भ्यायचं नाही. पाणी आपला मित्र आहे." या मित्राशी त्यांची स्वतःची ओळख बादलीपुरतीच होती.

हळूहळू सगळी मुलं उतरली. रुमाना तेवढी शिडीचा दांडा घट्ट धरून बसली. सरांनी धीर दिला, मग दम दिला.

"सर, तुमी आधी उतरा," ती म्हणाली. "मग मी."

सर्दीचं निमित्त सांगावं की कानदुखीचं, हे ठरेपर्यंत मुलांनी टाळ्या सुरू केल्या. सर बर्मुडा घालून आले, शिडीच्या दोन पायऱ्या रुबाबात उतरले आणि तिसरीवरून घसरले. नाकातोंडात पाणी गेलं. हातपाय वाटेल तिकडे झाडले. शाळेच्या दारात लागलेला आपल्या श्रद्धांजलीचा फलक त्यांना स्पष्ट दिसला, आणि त्यावरचा फोटो वाईट आलाय, हेही.

तेवढ्यात वरून रुमानाचा शांत आवाज आला. "सर, उभे राहा."

सर उभे राहिले. पाणी छातीएवढं होतं.

मुलं हसून हसून काठावर लोळली. सविता मॅडमनी तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

दुसऱ्या दिवशी आजारी पडायचा सरांचा पक्का विचार होता. पण आपण गेलो नाही तर पोरं ही हकिकत आणखी रंगवतील, या धास्तीनं ते गेले. त्याला धैर्य म्हणायची त्यांची स्वतःची सुद्धा तयारी नव्हती. मॅडमना बाजूला घेऊन ते हळूच म्हणाले, "मलाही शिकवा."

मॅडमनी त्यांच्या हातात गुलाबी रंगाची तरंगती फळी दिली. सर ती धरून, पाय मारत, पाण्यात बुडबुडे काढू लागले. रुमाना थोडा वेळ बघत राहिली. मग उतरली आणि त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"पाय वाकवू नका, सर," ती म्हणाली. सरांनी पाय सरळ केले.

शिबिर संपेपर्यंत रुमाना या काठावरून त्या काठावर जाऊ लागली. सर अर्ध्यापर्यंत पोचत आणि उभे राहत.

पुढे एकदा बाजारात तिचे वडील नूरमहंमद भेटले. त्यांनी सरांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"पोरीनं तुमचा लई आदर्श घेतलाय, सर. घरी म्हनती, सरांना काहीच येत न्हाई, तरी रोज उतरत्यात."

आभार मानावेत की रागवावं, हे सरांना कळेना. ते नुसतेच हसले. घरी पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की एवढा वेळ पोट आत ओढायचं राहूनच गेलं होतं.